खो, गुडघा आणि कालनिर्णय: एक प्रकरण अभ्यास

आईनं टेबलावर प्लास्टिकची पिशवी उपडी केली. एक एक्स-रे, एमआरआयची मोठी फिल्म, दोन नीकॅप (एक घट्ट, एक ढिली), पिळून पिळून चपटी झालेली मलमाची ट्यूब आणि शेक घ्यायचं एक कार्ड. कार्डावर वीस रकाने, विसांत वीस सह्या. जून संपत आला होता, कळव्याहून दोघी भिजत आल्या होत्या.

"मॅडम, सगळं करून झालं. आता खेळायचं की सोडायचं, तेवढं सांगा," आई म्हणाली.

मुलगी काहीच बोलली नाही. फक्त खुर्चीत बसताना तिनं उजवा पाय पुढे सरळ ठेवला आणि सगळा भार डाव्यावर घेतला. मी स्पोर्ट्स फिजिओ, खेळाडूंच्या दुखापतींवर व्यायामानं उपचार करते. माझ्या वहीत या प्रकरणाची पहिली नोंद तीच आहे.

मुलगी 17 वर्षांची, बारावीत, कुमार-मुली गटात खो-खो खेळणारी, संघातली हुकमी आक्रमक. तिचं नाव इथे देत नाही. घरी तिला 'बाय' म्हणतात, आणि ठाण्याच्या या भागात दर दोन घरांआड एक बाय असतेच, म्हणून इथेही तेच चालवते. लिहायला तिची आणि आईची, दोघींची परवानगी आहे.

दुखणं सुरू झालं डिसेंबरात. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं. तो सामना बायनं गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून मोबाइलवर बघितला होता. फेब्रुवारीत कुणीतरी सांगितलं, सहा आठवडे पूर्ण विश्रांती. तिनं इमानेइतबारे घेतली, मध्ये परीक्षाही झाली, गुडघा एकदम गप्प. एप्रिलात उन्हाळी शिबिर, सकाळ-संध्याकाळ सराव. पाचव्या दिवशी दुखणं परत. मग शेकाची वीस सिटिंग, पुन्हा विश्रांती, पुन्हा गुडघा गप्प. जूनमध्ये मैदानावर पाय ठेवला आणि तिसऱ्यांदा तेच. एका डॉक्टरांनी मग गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं, तेव्हा घरचे घाबरले आणि माझ्याकडे आले.

मी बायला विचारलं, "नक्की कुठे दुखतं, एका बोटानं दाखव."

तिनं तर्जनी थेट गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकावर टेकवली. जरासुद्धा इकडेतिकडे नाही.

हे एक बोट फार कामाचं असतं. वाटीच्या मागचं दुखणं असेल तर माणूस सगळा तळवा गुडघ्यावर फिरवतो, 'असं सगळीकडे' म्हणतो, आणि जास्त वेळ पाय दुमडून बसलं तरी कुरकुरतो. वाढीच्या वयातलं, बारा-तेरा वर्षांच्या मुलांचं दुखणं बहुतेक वेळा आणखी खाली, नडगीच्या उंचवट्यावर असतं. वाटीचं खालचं टोक म्हणजे जिथून कंडरा (टेंडन, स्नायूचा जोर हाडापर्यंत नेणारी चिवट दोरी) निघते आणि नडगीला जाऊन चिकटते, ती जागा. तिचं दुखण्याचं वेळापत्रकही कंडरेचंच होतं: सरावाच्या सुरुवातीला ठणक, अंग गरम झालं की गायब, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना व्याजासकट परत. मधल्या त्या गायब होण्यानंच घात होतो. खेळाडूला वाटतं, बरं झालं, आणि तो आणखी जोर लावतो.

व्हॉलीबॉलवाल्यांना गुडघ्याच्या कंडरेचं हे दुखणं चांगलं ओळखीचं आहे. नॉर्वेतल्या अव्वल खेळाडूंची 2005 साली पाहणी झाली, तेव्हा व्हॉलीबॉलपटूंपैकी 45 टक्के आणि बास्केटबॉलपटूंपैकी 32 टक्के जणांना ते त्या वेळी होतं. उडी मारणं, थांबणं, पुन्हा उडी, ही त्याची खाण. आमचा खो-खो बाहेरून धावण्याचा खेळ दिसतो, पण आक्रमकाचं अर्धं आयुष्य उकिडवं बसण्यात आणि त्या बैठकीतून गोळीसारखं सुटण्यात जातं. पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यातून एका पायावर उसळी मारायची, चार पावलांत वेग घ्यायचा, आणि खांबाशी करकचून थांबायचं. उडीपेक्षा वेगळं काय आहे हे?

आईला भीती एमआरआयच्या अहवालाची होती. त्यात 'टेंडिनोसिस' लिहिलं होतं. घरातल्या कुणीतरी मोबाइलवर शोधलं आणि 'कंडरा झिजली' असा निकाल लागला. मी त्यांना सांगितलं की मैदानावर काहीही त्रास नसलेल्या कित्येक खेळाडूंच्या एमआरआयमध्ये असेच डाग दिसतात. चित्र बघून खेळायचं की नाही ते ठरत नाही. किती भार पेलतो आणि त्यानंतर चोवीस तासांत गुडघा काय म्हणतो, यावर ठरतं.

मग विश्रांतीचं काय चुकलं? हे मला त्यांना दोनदा समजवावं लागलं, म्हणून इथेही जरा थांबते. कंडरा दोरीसारखी वाटली तरी ती जिवंत आहे, फक्त तिचा संसार फार सावकाश चालतो. 1950 आणि 60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-14 वाढलं होतं. त्याचा माग काढून डेन्मार्कच्या संशोधकांनी 2013 मध्ये टाचेच्या कंडरेबद्दल दाखवलं की तिचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही. टाचेवरून गुडघ्याचा हिशेब तंतोतंत मांडता येणार नाही, पण मुद्दा लक्षात येतो: असा अवयव पडून राहिल्यानं नवा होत नाही. त्याला बळ येतं ते भार घेतल्यानंच. सहा आठवडे बसलं की दुखणं जातं हे खरं, पण जाताना मांडीची, पोटरीची आणि कंडरेची ताकदही घेऊन जातं. शिबिराच्या पाचव्या दिवशी बायचा गुडघा नव्यानं बिघडला असं नव्हतं. सहा आठवडे बसून दुबळी झालेली कंडरा होती आणि सराव मात्र जुनाच, दुप्पट.

तपासणीत जे सापडलं त्यातलं निम्मं गुडघ्यात नव्हतंच.

उजवी मांडी डावीपेक्षा दीड सेंटिमीटरनं बारीक. उतरत्या फळीवर एका पायानं बैठक मारायला लावली, तर दुखणं दहापैकी सात. एका पायावर टाच उचलायला सांगितली: डावीकडे 23 वेळा, उजवीकडे चौदाव्याला पाय थरथरायला लागला. या दुखण्यासाठी ऑस्ट्रेलियात 1998 मध्ये तयार झालेली एक प्रश्नावली आहे, ठणठणीत माणसाला शंभर गुण. बायला 46 मिळाले.

मग भिंतीची चाचणी. पायाचा अंगठा भिंतीपासून मागे मागे नेत जायचं, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतोय का बघायचं. डावा पाय 11 सेंटिमीटर मागे गेला तरी गुडघा टेकला. उजव्याला सातावरच टाच उचलली जायला लागली. टेपवरचा आकडा बघून बाय स्वतःच म्हणाली, "मॅडम, हा पाय मुरगळला होता ना."

कधी? नववीत, शालेय स्पर्धेत. क्रेप बँडेज बांधून चौथ्या दिवशी पुढचा सामना खेळली होती, आणि जिंकली होती, त्यामुळे घरात त्या मुरगळण्याची आठवण कौतुकाचीच. घोटा कधी पूर्ण मोकळा झालाच नाही. घोटा वाकत नसेल तर उतरताना, थांबताना तिथे जिरायला हवा तो धक्का गुडघ्याच्या वाट्याला जातो. तरुण बास्केटबॉलपटूंत घोट्याचा हा ताठरपणा आणि गुडघ्याच्या कंडरेचं दुखणं यांचा संबंध दिसलेला आहे. बायच्या बाबतीत गुडघ्याची गोष्ट गुडघ्याच्या दोन वर्षं आधी आणि अर्धा मीटर खाली सुरू झाली होती.

पुढच्या शनिवारी मैदानावर गेले. क्लिनिकमध्ये बसून खो-खो कळत नाही. कॅनडा, अमेरिकेत हे काम करणाऱ्यांना ॲथलेटिक थेरपिस्ट किंवा ट्रेनर म्हणतात. अमेरिकेत त्यांची संघटना 1950 पासून आणि कॅनडात 1965 पासून आहे, आणि त्यांची मुख्य जागा म्हणजे मैदानाची कड. आपल्याकडे हे काम स्पोर्ट्स फिजिओ करतात, पण बहुतेक मंडळांत मैदानाच्या कडेला स्प्रेचा डबा आणि बर्फ घेऊन एखादा उत्साही बारकाच उभा असतो. त्याला मी नावं ठेवत नाही. तो निदान तिथे असतो.

पावसामुळे सराव एका सभागृहात होता, काँक्रीटवर अंथरलेल्या मॅटवर. मी मोबाइल स्टुलावर ठेवून सगळा सराव चित्रित केला आणि रात्री घरी वहीत रेघा मारत बसले. त्या एका संध्याकाळी बाय बैठकीतून 112 वेळा उठली. त्यातल्या 97 वेळा जोर उजव्या पायाचा. खांबाजवळ बसवलेली असल्यामुळे धावणं लहान, थांबणं जास्त. शिवाय संध्याकाळच्या आधी कॉलेज, ठाणे स्टेशनचा पूल, आणि घरी चौथा मजला, लिफ्ट नाही.

हा 112 चा आकडा सरांना दाखवला तेव्हा ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले. वीस वर्षं खो-खो शिकवतायत, मुलींच्या धावण्याची सेकंदं त्यांना तोंडपाठ, कोणी किती मिनिटं संरक्षण केलं आणि किती गडी टिपले याच्या वह्याच्या वह्या भरलेल्या. पण किती वेळा उठली हे कुणी मोजलं नव्हतं. क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजाचे चेंडू मोजतात, तशीच ही मोजणी.

उपचारातलं यंत्र, शेक वगैरे मी पहिल्याच दिवशी बंद केलं. इंजेक्शनही नको म्हटलं, आणि तसं का, हे त्या डॉक्टरांना चिठ्ठीत लिहून पाठवलं. 2009 मध्ये डेन्मार्कमध्ये 39 पुरुषांवर झालेल्या एका चाचणीत स्टिरॉइडचं इंजेक्शन आणि दोन प्रकारचे व्यायाम यांची तुलना केली होती. बारा आठवड्यांनी सगळेच सुधारलेले. सहा महिन्यांनी व्यायामवाले टिकून होते, इंजेक्शनवाले घसरले होते. सतरा वर्षांच्या मुलीला बारा आठवड्यांचा सुकाळ देऊन काय करायचं?

सुरुवात केली एका जागी धरून ठेवायच्या व्यायामानं. एक जाड पट्टा खांबाला बांधायचा, तो गुडघ्यांच्या मागून घ्यायचा, मागे रेलून खुर्चीत बसल्यासारखं खाली जायचं आणि तिथेच थांबायचं. नडगी उभी राहते आणि मांडीच्या पुढच्या स्नायूवर जबर ताण येतो, पण कंडरेला झटका बसत नाही. 45 सेकंद, पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं उसंत. जिममध्ये यासाठी खास जागा शोधावी लागते. आमच्याकडे खो-खोचा खांब आयताच. पट्टा मिळाला बायच्या वडिलांच्या रिक्षातून, गाडी ओढायचा. ज्या खांबावर सूर मारून गुडघा बिघडला, त्याच खांबाला बांधून घेऊन ती रोज बसायची. बाकीच्या मुली हसायच्या. तिसऱ्या दिवशी कप्तान म्हणाली, मलापण बांधा.

या प्रकारानं दुखणं लगेच उतरतं असं 2015 च्या एका छोट्या, फक्त सहा व्हॉलीबॉलपटूंच्या अभ्यासात दिसलं होतं. नंतरच्या अभ्यासांत तो परिणाम तितका ठाम राहिला नाही. बायला मात्र फरक पडला. सरावाआधी हे केलं की पहिल्या दहा मिनिटांची ठणक सातावरून तीन-चारवर यायची, आणि मुख्य म्हणजे जोर लावला तरी गुडघा तुटत नाही, हा विश्वास तिच्या अंगात उतरला.

दुसरा टप्पा वजनाचा. कळव्याच्या एका व्यायामशाळेत दुपारी दोन ते चार बायकांची वेळ होती. पायानं ढकलायचं यंत्र जुनं, गंजलेलं, पण चालू. आठवड्यातून तीन दिवस, चार सेट, तीन सेकंदांत खाली, तीन सेकंदांत वर. आधी पंधरा वेळा जमेल इतकं वजन, मग बारा, दहा, आठ, असं करत शेवटी सहाच वेळा उचलता येईल इतकं जड. घरी खारेगावच्या सुतारानं प्लायच्या तुकड्यांतून 25 अंशांची उतरती फळी करून दिली आणि पैसे घेतले नाहीत. पाठीवर दप्तर, दप्तरात आधी बारावीची पुस्तकं, मग पाच किलो तांदूळ, मग दहा. घोट्यासाठी वेगळं काम, पोटरीसाठी वेगळं.

आणि सराव? बंद केला नाही. बैठकीतून उठणं संध्याकाळी तीसवर आणलं, सूर बंद, संरक्षणाचं साधं पळणं चालू. "म्हणजे मी खेळतेय?" बायनं विचारलं. हो म्हटल्यावर ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली. संघाबाहेर बसवलेला खेळाडू व्यायाम करत नाही, मोबाइल बघतो, हा माझा अनुभव आहे.

दुखण्याची परवानगी किती, याचा नियम साधा ठेवला. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी उतरत्या फळीवर एक बैठक मारून बघायची. कालच्याइतकंच दुखलं तर भार बरोबर, जास्त दुखलं तर कालचा हिशेब चुकला. आकडा लिहून ठेवायचा. मी मोबाइलवर तक्ता करून दिला होता, तो तिनं दोन दिवस भरला. तिसऱ्या दिवसापासून ते काम आईनं स्वतःकडे घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आकडा लिहायला सुरुवात केली. दर पंधरा दिवसांनी फोटो यायचा. चौकोनात तारीख, तिथी, खाली पेनानं 'दूध 1॥', त्याच्या खाली 'गु 4', म्हणजे गुडघा चार. पुढे 'गु 3'. मग एका फोटोत 'दूध नाही, गु 2'. काही चौकोनांत हिरव्या शाईत आणखी एक आकडा असायचा, कधी पाच, कधी सहा. भाजीवाल्याचा हिशेब असेल म्हणून मी सोडून दिला.

श्रावणात आलेख अडकला. तीन आठवडे 'गु 3'च्या खाली जाईना, व्यायामशाळेत वजनही वाढेना. विचारलं तर कळलं, सोमवार आणि शनिवार उपास, दोन्ही दिवस व्यायामाचे. रक्त तपासून घ्यायला सांगितलं, हिमोग्लोबिन 10.1 निघालं. फॅमिली डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. मी उपास सोडायला सांगितलं नाही, ते माझं काम नव्हे आणि कुणी ऐकलंही नसतं. व्यायामाचे वार बदलले, आणि उपासाला साबुदाण्याबरोबर दाण्याचं कूट, दूध, राजगिरा वाढवला. खेळणाऱ्या मुलींनी खर्चाच्या मानानं कमी खाल्लं तर हाडं, पाळी, स्नायू सगळ्यांचंच नुकसान होतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं 2014 पासून याला एक नाव देऊन इशारा दिलेला आहे. सुदैवानं बायची पाळी नियमित होती.

बारावा आठवडा संपला तेव्हा प्रश्नावलीचे गुण 74. या प्रश्नावलीत 13 गुणांची वाढ म्हणजे खेळाडूला जाणवण्याजोगा फरक मानतात. तिचे 28 वाढले होते. उड्या सुरू झाल्या होत्या, दोन्ही पायांवर, मग एका. मी खुशीत होते. आणि मग घटस्थापना आली.

चौथ्या माळेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन. 'गु 7'. जिना उतरता येत नाही.

तीन रात्री गरबा. अनवाणी, सोसायटीच्या फरशीवर, रात्री अकरापर्यंत. शिवाय नऊ दिवसांचे उपास चालूच. मी सरावातले खो मोजले होते, जिने मोजले होते, स्टेशनचा पूल मोजला होता. ठाण्यात, सप्टेंबरात, सतरा वर्षांच्या मुलीला मी 'गरबा खेळणार का' हे विचारलं नव्हतं! तिनं सांगितलं नाही म्हणून तिला रागावण्यात अर्थ नव्हता. तिच्या लेखी तो खेळ नव्हता, व्यायाम नव्हता, गरबा होता. चूक माझी होती आणि मी तिला तसं सांगितलं. त्या दिवसापासून माझ्या पहिल्या तपासणीच्या कागदावर एक ओळ वाढली: पुढच्या तीन महिन्यांत कुठले सण, कुणाचं लग्न, कुठला ट्रेक.

पुन्हा खांब, पुन्हा पट्टा. पण या वेळी शून्यापासून नाही. बारा आठवड्यांत कमावलेली मांडी तीन रात्रींत जात नाही. गुण 55 वर घसरले होते, दहा दिवसांत दुखणं जुन्या पातळीवर आलं आणि दसऱ्यानंतरच्या आठवड्यात वजन पुन्हा सुरू झालं. नंतरच्या रात्री तिनं गरब्याला जाणं सोडलं नाही. ती टाळ्या वाजवत कडेला उभी राहिली, हे आईनं मला सांगितलं, आणि मला ते ऐकून वाईटच वाटलं. आधी विचारलं असतं तर रोज अर्धा तास बूट घालून खेळवता आलं असतं.

आता उरला तो बैठकीचा प्रश्न, आणि तो सरांशी होता. मी म्हटलं, डाव्या पायानं उठायला शिकवू, भार वाटला जाईल.

सर म्हणाले, "मॅडम, डाव्यानं उठली तर अर्धा सेकंद जातो. अर्धा सेकंद म्हणजे समोरची सुटली."

सरांचं म्हणणं खरं होतं. फिजिओला हे ऐकून घेता आलं पाहिजे, नाहीतर मैदानावर पुन्हा बोलावत नाहीत. शेवटी तडजोड अशी झाली की सामन्यात उजवा, पण सरावातले निम्मे खो डाव्या पायावर. आणि बसायची जागा दर दहा मिनिटांनी बदलायची, म्हणजे खांबाजवळची करकच्च थांबणी एकाच मुलीच्या वाट्याला येणार नाही. हे सगळ्या मुलींना लागू झालं.

जिल्हा संघाची निवड चाचणी नोव्हेंबरच्या मध्यात होती. आठवडाभर आधी मी माझी चाचणी घेतली. एका पायानं ढकललेलं वजन: उजवा पाय डाव्याच्या 94 टक्के. एका पायावरची लांब उडी: 88. मी 90 ची रेघ आखलेली होती. सलग दोन पूर्ण सरावांनंतर सकाळचा आकडा दोन. गुण 79.

88 म्हणजे 90 नव्हे. पण सतरा वर्षांच्या मुलीला दोन टक्क्यांसाठी थांब म्हणायचं का, हे कुठल्याच पुस्तकात नसतं. आम्ही चौघं, म्हणजे बाय, आई, सर आणि मी, मैदानाच्या कट्ट्यावर बसलो. मी धोका सांगितला: गुडघा निकामी होणार नाही, पण पुन्हा दोन महिने मागे जाऊ शकतो. सर म्हणाले, तिला संरक्षणात उतरवतो, आक्रमणात एकच डाव. आई म्हणाली, तिला विचारा. बाय म्हणाली, "जाते, पण सूर नाही मारणार." तिनं हे स्वतःहून म्हटलं, म्हणून मी हो म्हटलं.

ती राखीव खेळाडूंत निवडली गेली. पूर्ण तंदुरुस्त असती तर पहिल्या बारात असती का, यावर सर आणि मी अजून वाद घालतो. घरी येऊन ती रडली, दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला व्यायामशाळेत हजर होती. फेब्रुवारीत एका स्थानिक स्पर्धेत ती सगळे डाव खेळली, सूरही मारले, आणि दुसऱ्या दिवशीच्या चौकोनात 'गु 1' होता. गुण 90.

मैदानावर दोन गोष्टी टिकल्या. एक, उठण्याची मोजणी. सरांनी ते काम त्या बर्फवाल्या बारक्याला दिलं, तो वहीत रेघा मारतो आणि फार भाव खातो. दुसरी, सरावाआधीचा वीस मिनिटांचा ठरावीक व्यायाम: धावणं, एका पायावरचा तोल, मांड्या-पोटऱ्यांची ताकद, उडी मारून नीट उतरणं. फुटबॉलसाठी फिफानं असा कार्यक्रम तयार केला होता. नॉर्वेत 13 ते 17 वर्षांच्या 1,892 मुलींवर त्याची चाचणी झाली. 2008 साली आलेल्या निकालात एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशानं कमी दिसल्या, आणि बायसारख्या अतिवापराच्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. सरांची तक्रार होती की दीड तासाच्या सरावातली वीस मिनिटं गेली. खरंच गेली. पहिले दोन महिने मुलीही टंगळमंगळ करायच्या. मग कप्तानानं बायच्या पट्ट्याचा खांब सगळ्यात आधी बळकवायला सुरुवात केली आणि त्यावरून भांडणं होऊ लागली, तेव्हा मी त्या विषयातून लक्ष काढलं.

मार्चमध्ये आईचा फोटो आला, नवीन वर्षाच्या कालनिर्णयचा. 'गु' आता फक्त सोमवारी आणि गुरुवारी. पण हिरव्या शाईतला आकडा रोज होता, आणि तो सहाच्या खाली उतरत नव्हता. शेवटी विचारलं, हा कसला हिशेब?

बराच वेळ उत्तर नाही. मग आवाजी संदेश आला, मागे कुकरची शिट्टी. "तो माझा गुडघा, मॅडम. चार मजले चढते ना. बायचा लिहायचे, तर म्हटलं आपलाही लिहून ठेवावा."

मंगळवारी दुपारी चारची वेळ दिली. येताना हिरव्या आकड्यांचे सगळे महिने घेऊन या म्हटलं.